सुट्टीचा ताळेबंद

सदतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली निम्म्याहून अधिक अधिकारी म्हणून, म्हणजेच दुसऱ्यांचे रजेचे अर्ज पुढ्यात घेऊन. एप्रिल उजाडला की शाखेतल्या प्रत्येकाला मे महिन्यात रजा हवी असे. कुणाच्या घरी लग्न, कुणाची आई गावी एकटी, आणि सगळ्यांचीच मुलं सुट्टीवर. मी एक तक्ता आखून भिंतीवर लावत असे. कुणी रुसे, कुणी चहा पाजून लाडीगोडी लावी. पण दरवर्षी तक्ता जुळे. त्यामुळे निवृत्तीनंतर अलोऱ्याला येऊन राहिलो तेव्हा रजेच्या तक्त्यांतून आपण सुटलो, असा माझा समज होता. तो समज दूर करायला पुण्याच्या नातीचा एक फोन पुरेसा झाला.

‘‘आबा, आम्हाला तिघांना इमॅजिकाला जायचंय. तिघांना एकदम. तुम्ही बँकेत होतात ना, तारीख तुम्ही काढा.’’

तिघं म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मुलाची मुलगी पुण्यात, सीबीएसईच्या शाळेत. लेकीचा मुलगा बंगळुरूला, आयसीएसईच्या शाळेत. आणि तिसरा माझ्या धाकट्या भावाचा नातू, इथेच अलोऱ्यात, मराठी शाळेत. तिघांच्या वयांत फार तर दीड वर्षाचं अंतर. मी तिन्ही शाळांच्या सुट्ट्यांच्या याद्या मागवल्या, जेवणाच्या टेबलावर पसरल्या, चष्मा लावला आणि तांबडी-निळी पेन्सिल घेऊन बसलो. तासाभरात लक्षात आलं, की शाखेतल्या बावीस माणसांच्या रजा जुळवणं सोपं होतं.

शाळेची सुट्टी ही वरवर वाटते तितकी साधी वस्तू नाही. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. आपल्या राज्याच्या शाळांना सगळ्या मिळून ७६ सुट्ट्यांची मर्यादा आहे. त्यातही मुभा अशी, की उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी थोडी कापून ती गणपतीत किंवा नाताळात द्यावी. कोकणातल्या शाळा ही मुभा कशासाठी वापरणार, हे सांगायला नको. गणपतीत आमच्या अलोऱ्याच्या पोराला पाच-सहा दिवस मिळतात; तेव्हा पुण्याची नात एक दिवस मोदक खाऊन दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षेला बसलेली असते. बंगळुरूच्या नातवाला मोठी सुट्टी दसऱ्याची; तेव्हा इथे सहामाहीचा अभ्यास. नाताळात पुणे आणि बंगळुरू दोन्हीकडे आठ-दहा दिवस मोकळे. अलोऱ्यात एकच दिवस. दिवाळीत तिघांचे चार दिवस जुळतात, पण भाऊबीज सोडून पाळण्यात बसायला जाणार कोण? शिमग्याचं तर नावच नको. पालखी दारात येते तेव्हा सगळ्यांच्याच वार्षिक परीक्षा डोक्यावर असतात.

परदेशांत हे घोळ मुद्दाम घातले जातात, हे वाचून मला गंमत वाटली. फ्रान्सने शाळांसाठी देशाचे तीन विभाग पाडले आहेत. हिवाळ्याच्या आणि वसंताच्या सुट्ट्या विभागवार पुढेमागे येतात, म्हणजे साऱ्या देशाची गर्दी एकाच आठवड्यात डोंगरावर जात नाही. जर्मनीतही राज्याराज्यांची उन्हाळी सुट्टी अशीच पुढेमागे. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, तेवढंच शहाणपण. बाकीचा फरक बोर्डांनी आपापल्या सोयीने केलेला. त्यात एका घरातली चुलत-आते भावंडं वर्षभर एकमेकांना दिसत नाहीत, याचा हिशेब कुणाच्याच वहीत नाही.

मला सर्वांत सोयीचा वाटला तो नाताळ. हवा थंड, मुलगा आणि लेक दोघांनाही रजा सहज मिळणारी. अडचण एकच, अलोऱ्याच्या पोराची शाळा चार दिवस बुडणार. मी भावाला म्हटलं, ‘‘चार दिवसांनी काय बिघडतंय?’’

भाऊ इथेच किराणा दुकान चालवतो. माझ्यापुढे आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाला, ‘‘दादा, तुमच्या दोघांची शाळा बुडणार नाही अशी तारीख काढलीस आणि आमच्याची बुडली तर चालेल म्हणतोस. असं का?’’

उत्तर नव्हतं. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आइल ऑफ वाइटच्या जॉन प्लॅट यांनी २०१५ च्या एप्रिलमध्ये, शाळेने परवानगी नाकारली असताना, मुलीला शाळेच्या दिवसांत फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला नेलं. साठ पौंडांचा दंड झाला. तो भरला नाही म्हणून एकशेवीस झाला. तोही त्यांनी भरला नाही. मुलीची एरवीची हजेरी उत्तम आहे, असं त्यांचं म्हणणं. खालच्या न्यायालयांना ते पटलंही. पण एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे हजेरी. आपल्याकडे असा दंड नाही. पण भावाने विचारलं ते दंडाविषयी नव्हतंच. तीन पोरांपैकी कुणाची शाळा खरी आणि कुणाची जरा कमी खरी, हे मी न बोलता ठरवून टाकलं होतं. नाताळ रद्द केला.

उरला मे. म्हणजे फिरून आम्ही तिथेच आलो, जिथे आमच्या लहानपणी सगळे येत.

अलोरे हे तसं प्रकल्पाचं गाव. वडील कोयना प्रकल्पात होते आणि सत्तरच्या दशकात, कोळकेवाडी धरणाचं आणि तिसऱ्या टप्प्याचं काम चालू असताना, ही वसाहत माणसांनी गजबजलेली होती. सातारा, सांगली, कोल्हापूर, विदर्भ, कुठकुठली कुटुंबं. मे महिन्यात वसाहत निम्मी रिकामी होई, कारण जो तो आपापल्या गावी. मागे राहायचो आम्ही आसपासच्या गावचे, आणि आमच्याकडे मुंबईची भावंडं यायची. एका सुट्टीत वडिलांनी कुणाच्या तरी परवानगीने आम्हा सात-आठ पोरांना पोफळीचं वीजघर दाखवलं. गाडी बोगद्यातून डोंगराच्या पोटात शिरली. आत दिवे, गार हवा, पायाखालची जमीन गुरगुरतेय. पलीकडच्या खोऱ्यातलं कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथे उतरतं, चक्रं फिरवतं आणि मग वाशिष्ठीला मिळून समुद्राकडे जातं, असं वडिलांनी सांगितलं. आमचा थीम पार्क तो. तिकीट नव्हतं, तारीख काढावी लागली नव्हती. सुट्टी एकच होती आणि ती सगळ्यांची होती.

माझ्या मुलाच्या वेळेपर्यंत ते बदललं होतं. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि दूरदर्शनवरच्या जाहिरातींनी ते घराघरांत शिरलं. मुलगा सात वर्षांचा असताना मी त्याला कबूल केलं, या मे महिन्यात नक्की. लाँचने खाडी ओलांडून जायचं, हे त्याला फार मोठं वाटे. रजा मंजूर झाली होती. आदल्या आठवड्यात शाखेत तपासणी लागली आणि रजा रद्द झाली. मग दिवाळीत जाऊ म्हटलं. दिवाळीआधी बदली झाली. पुढे एलएफसी घेऊन कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलो. चार वर्षांत एकदा भारतात कुठेही जाता येई, मग जवळच्या गोराईवर ती सवलत खर्च करायला माझं बँकेतलं मन तयार होईना. १९९८ मध्ये त्याच गोराईत वॉटर किंगडम निघालं तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. ‘‘जाऊया का?’’ मी विचारलं. ‘‘मित्रांबरोबर जाणार आहे, बाबा,’’ तो म्हणाला. पैसे तेवढे मागितले. मी दिले. इतरांच्या रजा जुळवणाऱ्या माणसाची ही जमाखर्चाची वही.

तर मे. २०२५ मध्ये राज्यातल्या शाळांच्या पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि २ मेपासून सुट्टी लागली. पुण्याच्या नातीची शाळा एप्रिलात नवी इयत्ता सुरू करून मग सुट्टी देते. बंगळुरूची शाळा महिनाअखेरीस उघडणार. म्हणजे तिघांचे मिळून चार आठवडे. त्यातला पहिला आठवडा लग्नांत जाणार, दुसऱ्यात भावाचा आंबा उतरवायचा. राहिला तिसरा. मुलाला आणि लेकीला रजा मिळाली. भावाचा मुलगा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला आहे. त्याच्या बाबतीत रजा हा शब्दच नाही, खाडा आहे. गेला नाही त्या दिवसाचा पगार नाही. ‘‘पोराला घेऊन जा काका, मी राहतो,’’ तो म्हणाला. मग त्याने पाळी बदलून आठवड्याची सुट्टी मंगळवारी घेतली आणि एकच खाडा पत्करला. मंगळवार, २० मे असं ठरलं ते केवळ त्याच्यासाठी. शनिवार-रविवारपेक्षा मंगळवारी गर्दी बेताची, हे नंतरचं शहाणपण.

दुसरा पेच पैशांचा. सगळी तिकिटं मीच काढणार, हे मी गृहीत धरलं होतं. भावाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘गाडी आणि पालीचा मुक्काम माझ्याकडे.’’ मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि बायकोने टेबलाखालून पाय दाबला. बँकेत इतकी वर्षं कर्जखाती सांभाळून मला जे कळलं नव्हतं ते तिला कळत होतं. घेणाऱ्याला काहीतरी देऊ दिलं नाही, तर पुढच्या वर्षी तो येत नाही.

सोमवारी दुपारी निघालो. चिपळूण, परशुराम घाट, कशेडीला आता बोगद्यातून, मग महाड, माणगाव, आणि वाकणहून आत पालीला. पुण्याची आणि बंगळुरूची मंडळी तिथे आली. रात्री बल्लाळेश्वराचं दर्शन झालं, एका खोलीत पोरं उशिरापर्यंत खिदळत राहिली. सकाळी खोपोलीच्या रस्त्याने तासाभराच्या आत फाटकाशी हजर.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर मे महिन्यात पोरांची उंची मी तिथे मांडतो. अलोऱ्याचा पोरगा इतर दोघांपेक्षा दोन बोटं खाली, हे मला ठाऊक होतं. पण मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, हे लक्षात आलं ते तिथला माणूस मोजपट्टीशी पोरांना उभं करू लागला तेव्हा. दोघं आत गेली. हा माझ्याजवळ बाकावर बसला, दोघांच्या टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन.

वॉल्ट डिस्नेविषयी सांगतात, की मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायच्या आणि तो बागेतल्या बाकावर नुसता बसून राही. आईबापांनाही मुलांबरोबर रमता येईल अशी जागा हवी, हे त्याला त्या बाकावर सुचलं. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं त्याचं मूळ ते. माझ्या बाकावर मला तसं भव्य काही सुचलं नाही. मी विचारलं, ‘‘वाईट वाटलं का रे?’’

‘‘नाही आबा. पुढच्या मेला होईन मी तेवढा.’’

मी मनातल्या मनात पुढचा मे मांडून पाहिला. पुण्याच्या नातीचा उन्हाळी वर्ग लागणार आहे, सुनेने आधीच सांगितलंय. बंगळुरूच्या जावयांची कदाचित परदेशी नेमणूक. याच्या बापाचं कंत्राट दरवर्षी नवं. तीन शाळा, चार नोकऱ्या, एक दुकान. सगळं जुळून आलेला हा एकच मंगळवार असेल, असंही होऊ शकतं. पण हे त्याला कसं सांगणार?

दुपारनंतर आभाळ भरून आलं. त्या वर्षी पाऊस घाईवर होता. मुंबईत मोसमी पाऊस २६ मेलाच पोचला. आमच्या वाट्याला त्याची आगाऊ सर आली. मोकळ्यावरचे मोठे पाळणे थांबले आणि सगळी गर्दी छपराखालच्या खेळांकडे वळली. तिथे उंचीचा प्रश्न नव्हता. तिघं चिंब भिजून एकाच बाकड्यावर दाटीवाटीने बसली, आणि भावाचा मुलगा, पाळी बदलून आलेला, त्यांच्या मागच्या ओळीत बसून त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होता.

परतीच्या वाटेवर सगळेच अलोऱ्याला आले. पोरांनीच तसं ठरवलं होतं, मला उगीचच नंतर कळलं. बुधवारी सकाळी भर पावसात चौकटीपाशी रांग लागली. मी पेन्सिल घेतली. अलोऱ्याचा पोरगा टाचा जमिनीला चिकटवून, श्वास रोखून, ताठ उभा राहिला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असाच बेत शिजत असेल, त्यांना माजी बँक अधिकारी म्हणून एवढंच सांगतो. कोकणातून रेल्वेने जाणार असाल तर आता आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नव्हे. गेल्या वर्षीच्या सुट्टीवर विसंबू नका, परीक्षेची शेवटची तारीख शाळेतून विचारून घ्या. आणि तारीख काढायला बसाल तेव्हा सुरुवात ज्याला सर्वांत कमी रजा आहे त्याच्यापासून करा. बाकीचे त्याच्याभोवती जुळतात. मला हे शाखेत सदतीस वर्षं ठाऊक होतं; घरी वापरायला मात्र उशीर झाला.