सरकारी अभियोक्ता : पोलीस खात्यातून स्वतंत्र पदाकडे

ब्रिटिश अमदानीतील 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सरकारी अभियोक्ता, म्हणजे शासनाच्या वतीने आरोपीविरुद्ध खटला चालविणारा वकील, हे पद मान्य केले होते. तथापि सामान्य माणसाचा फौजदारी कायद्याशी जिथे प्रथम संबंध येतो, त्या मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात हे काम बहुधा पोलीस अभियोक्ताच करीत असे. तपास करणाऱ्या खात्यानेच त्या तपासाची भलामण करायची, या व्यवस्थेवर 1958 साली विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात बोट ठेवले, आणि 1 एप्रिल 1974 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेच्या कलम 25 ने सहायक सरकारी अभियोक्ता हे पद निर्माण करून पोलीस अधिकाऱ्याला त्यासाठी सामान्यतः अपात्र ठरविले. महाराष्ट्रात मात्र पोलीस अभियोक्त्यांनाच हे नवे पदनाम देण्यात आले आणि त्यांच्यावरील प्रशासकीय व शिस्तविषयक नियंत्रण पोलीस खात्याकडेच राहिले, म्हणजे पाटी बदलली, मालक तोच राहिला. अखेर 1995 साली एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र अभियोग विभाग स्थापण्याचा आदेश दिला. शासनाने आपणहून हे पाऊल उचलले नाही, याची नोंद घेणे भाग आहे.

या स्वातंत्र्याचे मोल तालुका न्यायालयातील रोजच्या कामात कळते. दोषारोपपत्र हाती आल्यावर पंचनाम्यातील वेळ आणि जप्तीची वेळ जुळते का, मुद्देमालावरील मोहोर शाबूत आहे का, हे अभियोक्त्याला खटला उभा राहण्यापूर्वीच पाहावे लागते. आणि साक्षीच्या दिवशी पंचाने ‘पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली’ असे सांगितले, की त्याला फितूर, म्हणजे आपल्याच पक्षाला उलटलेला साक्षीदार, ठरवून त्याची उलटतपासणी करण्याची परवानगी न्यायालयाकडे मागावी लागते. पोलिसांच्या हाताखालचा माणूस तपासातील भोके न्यायालयाबाहेर दाखवून देण्यास कचरतो, आणि तीच भोके पुढे आरोपीच्या सुटकेचे कारण होतात. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात (1994) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की अभियोक्ता हा तपास यंत्रणेचा भाग नसून स्वतंत्र वैधानिक अधिकारी आहे, आणि त्याने तपासाची मुदत वाढवून मागताना स्वतःची बुद्धी वापरली पाहिजे.

उलट बाजू 2002 च्या गुजरात दंगलींतील बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्याने दाखविली. 2003 साली वडोदऱ्यात सर्व 21 आरोपी निर्दोष सुटले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये अभियोक्त्याच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढून फेरसुनावणी महाराष्ट्रात वर्ग केली. मुंबईच्या विशेष न्यायालयाने 2006 मध्ये नऊ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी चौघांची शिक्षा 2012 मध्ये उच्च न्यायालयात कायम राहिली.

1974 पासूनच्या संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अभियोग संचालनालयाची रचना जिल्ह्यापर्यंत नेली असून, दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यांवर संचालकाने देखरेख ठेवायची आहे. हा संचालक गृह विभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली असतो, आणि राज्याचे पोलीस दलही त्याच विभागाखाली येते.