स्पर्धकावरील नजर आणि अचौर्य
प्रतिस्पर्ध्याच्या पेढीवर नजर ठेवणे व्यापाराला नवे नाही. प्रश्न तिच्या मर्यादेचा. १९८२ साली जपानच्या हिताची कंपनीच्या माणसांनी आयबीएमच्या संगणकांची गुपिते विकत घेतली. विकणारे अमेरिकेच्या एफबीआयचेच हस्तक निघाले आणि १९८३ मध्ये कंपनीला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. मोल दिले म्हणून दोष टळत नाही. चोरीचा माल घेणे हाही अचौर्याणुव्रताचा अतिचारच.

१९८२ मध्येच ह्यूस्टनला स्थापन झालेल्या कॉम्पॅकलाही आयबीएमसारखाच संगणक हवा होता. तिने अभियंत्यांचे दोन गट केले. एकाने आयबीएमची हक्कराखीव आज्ञावली अभ्यासून ती काय कार्य करते एवढेच लिहून दिले. दुसऱ्याने मूळ आज्ञावली डोळ्यांनीही न पाहता नवी रचली. मार्ग खर्चिक खरा. पण १९८६ मध्ये ३८६ चिपचा संगणक आयबीएमच्या आधी कॉम्पॅकनेच बाजारात आणला.