इन्सुलिन, स्नायू आणि कोलाडची रो-रो

ज्यांना कानात घालण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा मजकूर, बोललेलं थोडं नीट करून.

एकच प्रश्न सारखा येतोय: "मी तर काटकुळा आहे, मला कशाला शुगर होईल?" याचं उत्तर बरंचसं स्नायूंमध्ये आहे.

आधी एक हिशोब. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात ९०-१०० मिलिग्रॅम ग्लुकोज. गुणाकार करा, सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे एक छोटा चमचा! आणि आपण दुपारी ताटभर भात खातो त्यातून ६०-७० ग्रॅम ग्लुकोज सहज तयार होतं. ते रक्तातच राहिलं तर काय होईल? मेंदू आपला वाटा घेत असतो, त्याला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. यकृत काही ठेवतं. पण सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे हातापायांचे, पाठीचे स्नायू. तिथे ४०० ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेन बनून साठू शकते.

आता साखर आत जाते कशी? पेशीचं आवरण तेलकट, ग्लुकोज पाण्यात विरघळणारं, त्यामुळे दरवाजा लागतो. या दरवाजाचं नाव ग्लूट-४. गंमत अशी की एरवी हे दरवाजे भिंतीत नसतातच. बहुतेक सगळे पेशीच्या आत, बारीक पिशव्यांमध्ये ठेवलेले असतात. "इन्सुलिन म्हणजे किल्ली" हे सगळीकडे सांगतात, पण मला ते अपुरं वाटतं. किल्लीने असलेला दरवाजा उघडतो. इथे दरवाजाच आतून आणून भिंतीत बसवायचा असतो.

आमच्या कोलाडकरांना हे पटकन कळेल. कोलाड स्टेशनवर कोकण रेल्वेची रो-रो बघितलीय ना? भरलेला ट्रक मालगाडीवर चढतो आणि गोव्याकडे निघतो. ट्रक स्वतः वाहतूक करणारा, पण इथे त्यालाच कोणीतरी वाहून नेतंय. ग्लूट-४ चं तसंच. तो ग्लुकोज वाहतो, पण त्याला भिंतीपर्यंत पिशवी आणते.

मग गाडी थांबलीय कशासाठी? सिग्नल लाल आहे म्हणून. एएस-१६० नावाचं प्रथिन पिशव्या अडवून धरतं. जेवल्यावर स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, ते पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर बसतं. स्वतः इन्सुलिन साखरेला हातही लावत नाही. रिसेप्टर आतल्या प्रथिनाला निरोप देतो, ते पुढच्याला, असं करत एकेटी या एन्झाइमपर्यंत. एकेटी त्या एएस-१६० वर फॉस्फेट चिकटवतं आणि लाल सिग्नल निघतो. (कोडिंगवाल्यांनो, हा चक्क ब्लॉक केलेला प्रोसेस सोडवणं आहे.) काही मिनिटांत दरवाजे भिंतीत. आत आलेल्या ग्लुकोजलाही लगेच फॉस्फेट लागतं, मग ते त्या दरवाजाने परत बाहेर पडू शकत नाही. इन्सुलिन उतरलं की दरवाजे पुन्हा आत.

आता बिघाड कुठे होतो? स्नायूच्या पेशीत चरबीचे काही घटक साठले की हा निरोप मधल्यामध्ये अडतो. इन्सुलिन दारात आहे, पण आत कोणी ऐकत नाही. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन ओततं. वर्षानुवर्षं रिपोर्ट नॉर्मल दिसतो, कारण ते बिचारं ओव्हरटाइम करतंय. ते थकलं की शुगर वर.

आणि इथे काटकुळ्यांचा नंबर लागतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या गटाने नवजात बाळंही तपासली होती. पुण्याकडच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. वजन कमी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे गोदाम छोटं आणि चरबी लपलेली. वजनकाट्याला हे दिसत नाही, कमरेला टेप लावला तर थोडं दिसतं.

बरं, एक मागचा दरवाजा आहे. स्नायू आकुंचन पावला की ग्लूट-४ इन्सुलिनशिवायही भिंतीकडे येतो, वेगळ्या निरोपाने. कुंडलिकेत राफ्ट वल्हवताना खांदे हेच करत असतात, आणि जेवणानंतर रोह्याच्या रस्त्याने मारलेल्या फेरीत मांड्याही. इन्सुलिनचं ऐकू न येणाऱ्या स्नायूतही हा मार्ग चालू असतो, म्हणून तर तो इतका कामाचा. शिवाय दमदार व्यायामानंतर साधारण एक-दोन दिवस तो स्नायू इन्सुलिनचंही जास्त ऐकतो.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र दोन्ही दरवाजे एकदम उघडून साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं. त्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोलावं आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी.

पुढच्या वेळी यकृताकडे जाऊ: रात्री काही न खाता सकाळची शुगर जास्त का येते? भेटूच.