वडिलांची चित्रं, मुलाचा रेडिओ

1956 च्या फेब्रुवारीत पुणे आकाशवाणीने एक प्रयोग सुरू केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या मराठी मुलखात 150 गावं निवडली गेली आणि गावोगावी पंधरा-वीस जणांचं श्रोता मंडळ उभं राहिलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे, गावकारभाराचे. एप्रिलअखेर असे 20 कार्यक्रम झाले. पाठबळ युनेस्कोचं होतं, कल्पना कॅनडाची. तिथले शेतकरी 1941 पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जमून रेडिओ ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करत.

कार्यक्रम संपला की मंडळाचं खरं काम सुरू व्हायचं. ऐकलेलं आपल्या गावाला कितपत लागू पडतं, यावर बोलणं व्हायचं. मंडळाचा निमंत्रक त्याचं टिपण करून पुण्याला धाडायचा आणि शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. मला हा परतीचा रस्ताच सगळ्यात मोलाचा वाटतो. कृषी महाविद्यालयातलं ज्ञान पुस्तकी भाषेत सांगून मोकळं होता येतं, पण आमच्या मुरमाड रानात हे कसं जमायचं, असं कुणी विचारलं की तज्ज्ञाला पुन्हा विचार करावा लागतो.

या प्रयोगाचं मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. त्याची धुरा पॉल नॉयराथ यांच्याकडे होती आणि त्यांची कहाणी मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ते व्हिएन्नाचे. वडील ऑटो नॉयराथ तत्त्वज्ञ आणि अर्थतज्ज्ञ. 1925 मध्ये त्यांनी व्हिएन्नात समाज आणि अर्थव्यवस्थेचं संग्रहालय काढलं. आकडेवारी कामगारांनाही वाचता यावी म्हणून त्यांनी चित्रलिपी घडवली. तिचा नियम साधा होता: मोठी संख्या दाखवायला चित्र मोठं करायचं नाही, तेच चित्र पुन्हा पुन्हा काढायचं. शाळा फारशी न शिकलेल्या माणसालाही चित्रं मोजता येतात, ही त्यामागची श्रद्धा.

मुलाच्या वाट्याला आधी नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्या आल्या. सुटका झाल्यावर तो स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचला आणि कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्र शिकला. रेडिओच्या श्रोत्यांचा शास्त्रीय अभ्यास रुजवणारे पॉल लाझार्सफेल्ड तिथेच होते, तेही व्हिएन्नाचेच. वडिलांनी ज्ञान लोकांच्या डोळ्यांपर्यंत नेलं होतं. कानावाटे गेलेलं किती मुरतं, ते मुलाने पुण्याभोवतीच्या गावांत तपासलं. हा वारसा मला विलक्षण वाटतो.

त्यांची पद्धत नेटकी होती. मंडळ असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओही नसलेली गावं, अशा तिन्ही ठिकाणी प्रयोगाच्या आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले गेले. मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक नगण्य होता. म्हणजे तोच आवाज, तीच भाषा, तेच तज्ज्ञ, तरी समोर बसून वाद घालणारं माणूस नसलं की ऐकलेलं वाऱ्यावर जात होतं. जे. सी. माथुर आणि नॉयराथ यांचं या प्रयोगावरचं पुस्तक युनेस्कोने 1959 मध्ये प्रसिद्ध केलं.

त्याच वर्षी योजना देशभर नेण्यात आली आणि पुढे हजारो मंडळं निघाली. रेडिओवरच्या शेतीविषयक कार्यक्रमांचा प्रभावही वाढत गेला; तंजावरकडच्या शेतकऱ्यांनी तर एडीटी-27 या भाताच्या वाणाला 'रेडिओ भात' असंच नाव दिलं. पण पुण्याच्या प्रयोगातली धार या विस्तारात टिकली नाही. दीडशे गावांची पत्रं वाचून उत्तरं देणं माणसांच्या आवाक्यातलं होतं. हजारो मंडळांसाठी तसंच मन लावून वाचणारे लोक नेमायला हवे होते.

पुण्याच्या प्रयोगातही एक उणीव होतीच. मंडळांत बसणारे बहुतेक पुरुष होते. चर्चा पिण्याच्या पाण्याची आणि पोरांच्या आजारपणाची व्हायची, तेव्हा पाणी भरणाऱ्या आणि आजारी पोराच्या उशाशी जागणाऱ्या बाया त्या बैठकीबाहेरच असायच्या.