लेशानचा महाबुद्ध

चीनच्या सिचुआन प्रांतात लेशान हे नगर वसले आहे. मिन, दादू आणि छिंगयी या तीन नद्यांचा येथे संगम होतो. पूर्वी पूर आला, की संगमावरचे पाणी खवळून उठे. भोवऱ्यांत सापडलेल्या नावा कड्यावर आपटून फुटत आणि कित्येक नावाडी प्राणांस मुकत.

हे दुःख पाहून हायथोंग नावाच्या भिक्षूचे मन द्रवले. कड्यात बुद्धाची भव्य मूर्ती कोरली, तर तिच्या कृपेने पाणी शांत होईल, अशी त्याची श्रद्धा होती. इ. स. 713 मध्ये तांबड्या वालुकाश्मावर पहिली छिन्नी चालली. काम अर्धे राहिले असतानाच हायथोंग निवर्तला. पण इतरांनी ते पुढे चालवले आणि 803 मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, पुरे केले. ही बैठी मूर्ती 71 मीटर उंच आहे. तिचे मस्तक कड्याच्या माथ्याशी भिडते, तर पावले नदीकाठी टेकलेली आहेत. कोरताना निघालेला दगड नदीत पडला आणि त्यामुळे प्रवाहाचा जोर ओसरला, असे सांगतात.

वालुकाश्म पावसाने झिजतो. हे जाणून त्या कारागिरांनी मूर्तीच्या केसांत, कानांमागे व वस्त्राच्या चुण्यांत पन्हळी खोदल्या. त्या खालून पाहणाऱ्यास दिसत नाहीत. मात्र पावसाचे पाणी त्यांतून वाहून जाते. मूर्ती इतकी शतके टिकली, त्यात या पन्हळींचा मोठा वाटा आहे. तरीही नदीचे सामर्थ्य संपलेले नाही. ऑगस्ट 2020 च्या महापुरात पाणी मूर्तीच्या पावलांपर्यंत चढले होते.

लेशानच्या पश्चिमेस एमेई पर्वत आहे. त्याची उंची 3,099 मीटर असून तो समंतभद्र बोधिसत्त्वाचे स्थान मानला जातो. तेथील एका मठात हत्तीवर आरूढ झालेली समंतभद्राची धातुमूर्ती आहे. ती 980 मध्ये ओतली गेली. शिखरावर उभे राहिले, की पायांखाली ढगांचा सागर पसरलेला दिसतो. सूर्य पाठीशी असला, तर कधी कधी समोरच्या ढगावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत वलये उमटतात. भाविक त्यास ‘बुद्धप्रकाश’ म्हणतात. ढगातील सूक्ष्म जलबिंदूंमुळे सूर्यप्रकाश मागे फिरतो आणि हा देखावा घडतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे ‘इंद्रवज्र’ते हेच.

1996 मध्ये युनेस्कोने या दोन्ही स्थळांना जागतिक वारशात स्थान दिले. ज्यांनी पहिली छिन्नी चालवली, त्यांच्यापैकी बहुतेकांना पूर्ण झालेली मूर्ती पाहावयास मिळाली नसेल. तरी त्यांनी आपले काम मन लावून केले. ते अनोळखी नावाड्यांसाठी होते!