चाकाची झाकाझाक!

कॅराव्हान म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरीशुभ्र गाडी, शेजारी दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, हातात कॉफीचा मग आणि समोर मस्त तळं. एकदम वॉलपेपर! फक्त त्या वॉलपेपरमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे गाडीच्या पोटाखालून सुटलेलं वारं. डिसेंबरात विदर्भात कुठेही मुक्काम टाका, ऑनिंगखाली गाद्या पसरा आणि रात्रीचे दहा वाजू द्या. वरून दोन ब्लँकेटं असतात, पण पाय मात्र बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखे गार!

ऑनिंग म्हणजे गाडीच्या कडेला जोडायचं कापडी छत. त्याला तीन बाजूंनी कापडी भिंती लावल्या की आयती एक्स्ट्रा खोली तयार. चौथी भिंत म्हणजे स्वतः गाडी. गोची इथेच आहे. ही चौथी भिंत जमिनीपासून चांगली फूट-दीड फूट वर संपते. ती फट झाकायला गाडीच्या खालच्या कडेला कापडी झालर लावतात. पण झालर चाकापाशी आली की अडते, कारण चाकावरची कमान वर गेलेली असते. वारं नेमकं तिथूनच घुसतं. त्या कमानीवर बसवायचा जो कापडाचा तुकडा, तोच आपला आजचा हीरो, व्हील आर्च कव्हर.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्लंडातल्या लोकांचं कौतुक, आपला काय संबंध? गाडीमागे ओढून न्यायची टूरिंग कॅराव्हान तिकडे घराघरात, हे खरंच. आपल्याकडे असा ट्रेलर क्वचित दिसतो. ट्रॅव्हलर नाहीतर पिकअपच्या चासीवर बांधलेली, स्वतःच्या इंजिनवर चालणारी गाडीच आपण कॅराव्हान म्हणून ओळखतो. पण २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हान पर्यटन धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी तसंच केलं, आणि भाड्याने कॅम्पर घेऊन भटकणारी पब्लिक वाढली. वारं काय, ट्रेलर आणि मोटर कॅराव्हान असा भेद करत नाही.

रूट म्हणून आपण नागपूर-तुळजापूर हायवे धरू. वर्धा, यवतमाळ, आर्णी करत हा रस्ता महागावात येतो आणि पुढे उमरखेडवरून नांदेडकडे जातो. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या यवतमाळकरांना हा रस्ता पाठ असतो. अलीकडे धनोड्याच्या फाट्यावरून माहूरगड, उमरखेडपलीकडे पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. शिवाय वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झालंय. महागाव-पुसदच्या या पट्ट्यात गावाच्या नावापुढे ‘तांडा’ लागलेल्या पाट्या जागोजागी दिसतात. गंमत बघा, कॅराव्हानला मराठीत अगदी फिट बसणारा शब्द तांडाच. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून निम्मा हिंदुस्थान तुडवणाऱ्या लमाण तांड्यांना चाकं नव्हतीच. त्यामुळे चाक झाकायचा प्रश्नही नव्हता!

आपल्याला मात्र चाकं आहेत, आणि खाली आहे काळी कापसाची माती.

या मातीशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात. पावसात ही फुगते आणि गोंदासारखी चिकटते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर लोक चपला हातात घेऊन चालतात, ते काही शौक म्हणून नाही. दर पावलाला चप्पल पाव किलोने जड होत जाते. तेच चाकाचं. म्हणूनच बैलगाडीचं चाक उघडं असतं, वर मडगार्ड नाही की काही नाही. चिखल चढतो तसा गळून पडतो. आता अशा मातीत तुम्ही चाकाच्या कमानीवर कव्हर ताणून गाडी चालवली तर? चिखल आत कोंडणार, टायरवर घासणार, कापड चाकात ओढलं जाणार. ऐंशीच्या स्पीडला चाकात गुंडाळलेलं कापड काय करेल, हे सांगायला नको. ब्रेकचा पाइपही तिथेच असतो. तेव्हा फंडा क्लिअर ठेवा. हे कव्हर मुक्कामाचं आहे, प्रवासाचं नाही.

(काही गाड्यांना चाकाचा वरचा भाग झाकणारं फायबरचं पॅनेल कायम बसवलेलं असतं. दिसतं सही, पण खराब रस्त्यांसाठी माझं मत साफ नाही. भरलेली गाडी स्पीडब्रेकरवर आपटली की चाक चांगलंच वर येतं आणि पॅनेलला घासतं. शिवाय स्क्रूसाठी बॉडीला पाडलेल्या भोकांतून पाणी झिरपतं, आतलं प्लायवूड कुजतं. आणि मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणी पुस्तकातल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. कापडी, काढता-घालता येणाऱ्या कव्हरला ही भानगड नाही.)

ऑनलाइन मागवायच्या फंदात पडू नका. परदेशी कव्हरं तिकडच्या बुटक्या कॅराव्हानच्या मापाची असतात, आपल्या ट्रॅव्हलरची कमान त्याहून मोठी आणि उंच. त्यापेक्षा महागावसारख्या तालुक्याच्या गावात सरळ ताडपत्रीच्या दुकानात जा. कॅराव्हान अॅक्सेसरीज नावाचा प्रकार तिथे कोणी ऐकला नसेल, पण कापूस आणि सोयाबीन पावसापासून वाचवणाऱ्या गावाला ताडपत्रीतलं जे कळतं ते मॉलमधल्या सेल्समनला कळत नाही. प्लॅस्टिकची स्वस्त निळी ताडपत्री नको, ती वाऱ्यात रात्रभर फडफडते आणि उन्हात चुरा होते. पीव्हीसीचा थर दिलेलं जाड कापड घ्या. मग गाडीचे सीट कव्हर शिवणारा कारागीर गाठा. तो ‘काहून?’ असं विचारेलच. चाक झाकायचं आहे म्हटल्यावर आणखी एकदा विचारेल.

मापाचं काम मात्र त्याच्यावर सोडू नका. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. आणि हो, माप घेताना गाडी भरलेली हवी. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो वजन. त्यात सामान आणि माणसं. रिकाम्या गाडीची कमान आणि भरलेल्या गाडीची कमान यात दोन-तीन बोटांचा फरक सहज पडतो. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून मोठा कागद करा, तो कमानीवर धरा आणि कडेने खडूने गिरवा. त्या रेषेच्या बाहेर चारपाच बोटं कापड जास्त ठेवा, कारण कव्हर कमानीच्या आत नाही, बाहेरून बॉडीवर टेकायला हवं. चाकाचा मधला भाग बाहेर येत असेल तर तिथे कापडाला चुणी घाला, नाहीतर कव्हर ढोलासारखं ताणतं आणि कडा सुटतात.

चिकटवायचं कशाने? आधी फ्रिजवरचा चुंबक आणून कमानीभोवती लावून बघा. चिकटला तर बॉडी पत्र्याची, मग कव्हरच्या वरच्या कडेत चपटे चुंबक शिवून घ्या. काम फत्ते, भोकं नाहीत, गोंद नाही. चुंबक घसरून पडला तर बॉडी फायबरची किंवा अॅल्युमिनियमची. मग दुसरा उपाय. काही कॅराव्हानना खालच्या कडेला झालर सरकवायची बारीक पट्टी असते. ती असेल तर कव्हरच्या वरच्या कडेत दोरी भरून शिवा आणि ती पट्टीत सरकवा, हा सगळ्यांत पक्का प्रकार. पट्टीही नसेल तर रबरी सक्शन कप. पण बॉडी ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण कोरडी करून मगच ते दाबायचे. या भागात मे महिन्यात पारा ४३-४४च्या घरात जातो, तेव्हा दुपारी कप टपाटपा गळतात. हिवाळ्यात चालून जातात.

खालच्या कडेला तंबूच्या खुंट्या ठोकायचा मोह आवरा. उन्हाळ्यात खुंटी भेगेत जाते आणि पावसाळ्यात लोण्यात. त्यापेक्षा खालच्या शिवणीत नळीसारखी पोकळी ठेवा आणि त्यात साखळी किंवा वाळू भरा. वजनाने कापड जागेवर राहतं, जमीन कशीही असो.

पोचल्या पोचल्या लगेच कव्हर चढवू नका. घाट किंवा ट्रॅफिक करून आलेल्या गाडीचे ब्रेक चांगलेच तापलेले असतात. अर्धा तास चहा घ्या, गार होऊ द्या.

आणि आता ते, ज्यासाठी हा लेख वाचताय असं समजा. हे कव्हर गाडीच्या एकाच बाजूला लावायचं. ऑनिंग ज्या बाजूला, त्याच बाजूला. आपल्याकडे दार डावीकडे असतं, म्हणजे बहुतेक वेळा डावीकडेच. थंडी जास्त आहे म्हणून हौसेने चारही बाजूंनी झालर आणि सगळ्या चाकांना कव्हर लावलीत, तर गाडीखाली एक बंद डबा तयार होतो. त्या डब्यात काय काय साठू शकतं, ते बघा.

एक, गॅस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो. म्हणूनच कॅराव्हानमध्ये सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवतात, गळलेला गॅस खाली जाऊन उडून जावा म्हणून. खालून सगळं बंद असेल तर तो उडून जाणार कुठे?

दोन, धूर. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात, कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हानमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी जनरेटर चालू होता. त्याच गाडीत प्रत्यक्ष चाचणी करून तज्ज्ञांनी कारण सांगितलं. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

त्या गाडीला चाकांवर कव्हर होतं असं मी म्हणत नाहीये. पण गाडीखालची हवा ही गाडीतल्या माणसांची हवा असते, हे त्या रात्रीने दाखवलं. तेव्हा एक बाजू सताड उघडी ठेवा. जनरेटर गाडीखाली किंवा झालरीच्या आत कधीच नको, लांब आणि वारं वाहतं त्या दिशेला ठेवा. झोपताना तो बंद. इंजिन चालू ठेवून एसी-हीटर लावून झोपणं, ऑनिंगमध्ये शेगडी पेटवणं, तेही नको. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बॅटरीवरचा, गाडीत हवाच. भाड्याची गाडी घेताना म्युझिक सिस्टीम आधी बघता ना? तशीच याचीही चौकशी करा. नसेल तर आपला न्या.

स्वतःची कॅराव्हान असेल तर या कव्हरचा एक साइड बिझनेसही आहे. टायर उन्हापासून वाचतात. वर्षात दोन-तीन ट्रिप मारणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, उन्हाने तडकून म्हातारे होतात. वरून नक्षी नवीकोरी, बाजूला बारीक भेगा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पार्किंगमध्ये उभ्या गाडीला कव्हर घालायच्या आधी तो आकडा वाचून घ्या.

निघताना एक साधी युक्ती. कव्हर चढवलं की त्याच क्षणी स्टिअरिंगला लाल रिबन बांधायची, कव्हर उतरवून हातात घेतल्याशिवाय सोडायची नाही. ड्रायव्हर वेगळा असला तर त्यालाही ही भाषा आधीच शिकवून ठेवा. उतरवलेल्या कव्हरवरची ओली काळी माती फडक्याने पुसायच्या भानगडीत पडू नका, नुसती फासली जाते. वाळू द्या, मग दोन झटक्यांत पापुद्रे पडतात. ओलंच घडी करून ठेवलंत तर आठवड्यात बुरशी. त्यामुळे घरी पोचलात की आधी ते बाल्कनीत वाळत टाका. शेजारच्या काकू विचारतीलच, हे नक्की काय शिवून आणलंय म्हणून.