विद्यापीठ चौकातला बुधवार

जुलै 2023. बुधवार, संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. पुण्यात बाणेरहून निघालेली आमची पीएमपीची बस विद्यापीठ चौकाच्या तोंडाशी येऊन जी थांबलीय ती थांबलीच. मेट्रोच्या कामासाठी रस्त्याच्या मधोमध पुरुषभर उंचीचे पत्रे ठोकलेत. कडेला जी डांबराची पट्टी उरलीय, तिच्यात बाणेर, पाषाण आणि औंध अशा तिन्ही अंगांनी आलेली गर्दी घुसू पाहतेय. डाव्या आरशाखालून एक स्कूटर आत शिरते. तिच्या मागून दुसरी. ड्रायव्हर ब्रेक दाबतात आणि मागचे सगळे हॉर्न एकदम सुरू होतात. पुढे रस्ता कितीही रुंद असो, इथून जेवढ्या गाड्या सुटतील तेवढ्याच पुढे जाणार.

इथला उड्डाणपूल 2020 च्या जुलैत पाडला. टाळेबंदीत माणसं घरी होती, रस्ते ओस होते. पाडायला याहून सोयीची वेळ कुठली मिळणार? आता माणसं परतलीत, पूल मात्र अजून व्हायचाय. दुमजली होणार आहे म्हणे. खालून वाहनं, वरून हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो.

"आज बुधवार ना, आज असंच," कंडक्टर तिकिटांचं मशीन खिशात सारत म्हणतात. "शुक्रवारी या, भुर्रकन जाल."

शेजारच्या मुलीच्या मांडीवर लॅपटॉप उघडा आहे. रेनकोटचं पाणी कीबोर्डवर पडू नये म्हणून तिने बाही कोपरापर्यंत वर सारलीय. "हो सर, येतोय आवाज," ती कानातल्या माइकमध्ये बोलते. सर घरी आहेत. ही दिवसभर ऑफिसात बसून आली, आणि मीटिंग बसमध्ये! आठवड्याची सरासरी काढली तर घरून काम करणाऱ्यांमुळे गाड्या कमी झालेल्या दिसतीलही. पण सरासरीच्या दिवशी कोणी अडकत नाही, बुधवारी अडकतं.

मीटिंग संपते. मी विचारतो, "तुम्हाला कोणते दिवस जावं लागतं?"

"मंगळ, बुध, गुरू."

"आणि मैत्रिणींना, दुसऱ्या कंपन्यांत?"

"तेच."

"मग एखाद्या कंपनीने सोमवार घ्यावा की!"

ती लॅपटॉप मिटते. "सोमवारी कोण येणार हो काका?"